'भलं होवो' म्हणायचं नाही

डिलिया गिंटीच्या हातचा पाव खाल्ला की डांग्या खोकला पळतो, हे कॅरोबेग गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खरं तर शेंबड्या पोरालाच जास्त ठाऊक, कारण पाव त्याच्याच तोंडात जायचा.

पावात विशेष काही नव्हतं. पीठ, मीठ, सोडा आणि ताक, एवढंच. लोखंडी भांड्यात गोळा ठेवायचा, झाकणावर निखारे रचायचे आणि वास सुटला की उतरवायचा. गावात घरोघरी हाच पाव होता. शेजारच्या सबीना लवेलचा तर डिलियाच्या पावापेक्षा हलका व्हायचा, हे डिलिया स्वतः कबूल करायची. पण सबीना लवेल झाली ती लग्नाने. डिलिया जन्मानेही गिंटी होती आणि लग्नानेही गिंटीच. तळ्याकाठच्या गिंटींची मुलगी टेकडीवरच्या गिंटींकडे दिलेली. दोन्ही घरांत नातं नाही ना, हे फादरनी चर्चचं जुनं दप्तर उघडून बघितलं होतं, आणि नाही म्हटल्यावरच लग्न लावलं होतं. बाईचं माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच निघालं की तिच्या हाताला डांग्या खोकल्यावर गुण येतो. का येतो, ते विचारायची पद्धत नाही.

पद्धत बाकीच्या गोष्टींची होती. बाईने आपण होऊन पाव देऊ करायचा नाही, दारात कुणी आलं तरच द्यायचा. येणाऱ्याने उंबरा ओलांडायचा नाही. मोबदला म्हणून अंडंसुद्धा द्यायचं नाही. आणि मुख्य म्हणजे पाव हातात पडल्यावर 'भलं होवो तुझं' म्हणायचं नाही. एरवी इकडची माणसं ऊठसूट भलं चिंतणारी. काडेपेटी पुढे केली तरी भलं होवो, गाढव बाजूला घेऊन वाट दिली तरी भलं होवो. पण त्या पावाला कुणी तसं म्हटलं की गुण तिथल्या तिथे गेला. पाव घ्यायचा, पाठ फिरवायची आणि मागे न बघता घर गाठायचं.

लग्नाचा केकही संपला नव्हता तेव्हा पहिली आई दारात येऊन उभी राहिली होती. डिलिया बावीस-तेवीसची. तिला वाटलं, बाई नवी नवरी बघायला आली असेल, म्हणून ती हसून "या ना आत" म्हणाली. बाई जागची हलली नाही. मग सासूने मागून येऊन अर्धा पाव डिलियाच्या हातात ठेवला आणि तिला कोपराने ढोसलं. डिलियाने तो पुढे केला. बाईने घेतला आणि तोंडातून अवाक्षर न काढता निघून गेली. डिलियाला तेव्हा फार राग आला होता. सासूने समजावल्यावर राग गेला आणि त्या जागी जरा भीती आली. पुढे भीतीही गेली, नुसती सवय उरली.

त्याला आता अठरा-वीस वर्षं झाली होती. या वर्षांत किती आया आल्या आणि किती बाप टोपी चुरगाळत दारात उभे राहिले, याला गणती नव्हती. दोन डोंगर ओलांडून आलेली माणसंही तिने पाहिली होती. अडचण एवढीच होती की गावाला सावधगिरीची सवय लागली आणि तिचा अतिरेक झाला. डिलियाने कुणाला फावडं दिलं, कुणाच्या बाळंतिणीला कोंबडी दिली, तरी समोरच्याचे शब्द ओठांवर येऊन परत फिरायचे. नकोच बाबा, पुढेमागे आपल्या पोरांना खोकला झाला तर? मग माणूस नुसतीच मान हलवायचं. बाकी गाव तिला मान द्यायचं, चर्चमध्ये बाकावर सरकून जागा करून द्यायचं. पण इतक्या वर्षांत, एकदाच चुकून निघालेला शब्द सोडला तर, डिलियाचं भलं होवो असं तिच्या तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. आणि भलं झालंही नव्हतं. मूल झालं नाही. नवरा अँथनी पोटात काहीतरी फुटल्याचं निमित्त होऊन आठवड्याभरात गेला. सासू त्याच्या मागोमाग गेली. कधी कधी पीठ मळताना डिलियाच्या मनात यायचं, की एवढ्या लोकांनी गिळलेल्या त्या शब्दांपैकी थोडे जरी बाहेर पडले असते तर काय झालं असतं. मग ती स्वतःलाच वेडी म्हणायची आणि गोळा भांड्यात टाकायची.

युद्धापासूनचं साखरेवरचं रेशन उठलं आणि मार्टिन हेराटीची व्हॅन गावात यायला लागली.

मार्टिन डोंगरापलीकडचा. पन्नाशीला टेकलेला, बिनलग्नाचा, अंगाने आडवा आणि बोलायला मऊ. त्याच्या हिरव्या व्हॅनमध्ये अख्खं दुकान होतं: चहा, साखर, तंबाखू, सुया, रॉकेल, बिस्किटांचे डबे. बायका अंडी आणायच्या आणि त्या बदल्यात सामान न्यायच्या. पहिल्या खेपेला डिलियाने अंड्यांची टोपली त्याच्या हातात दिली. त्याने एकेक अंडं उजेडाकडे धरून पाहिलं, सगळी ठेवून घेतली आणि तिच्याकडे चहाची पुडी देत म्हणाला, "भलं होवो तुमचं, बाई."

डिलिया तशीच उभी राहिली. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सबीना लवेल तिच्या मागेच होती, तिने छातीवर क्रूस काढला. मार्टिनला वाटलं चहा कमी भरला की काय, म्हणून त्याने चिमूटभर आणखी टाकला.

त्या दिवशी डिलिया घरी आली आणि खुर्चीत बसून राहिली. एवढ्याशा गोष्टीने आपल्याला रडू यावं याची तिला लाज वाटली, पण रडू आलं खरं.

दर गुरुवारी व्हॅन यायची आणि दर गुरुवारी तो म्हणायचा. हळूहळू व्हॅन तिच्या फाटकाशी जरा जास्त वेळ थांबायला लागली. मग मार्टिन आत येऊन चहा प्यायला लागला. त्याने तिच्या हातचा पाव खाल्ला, वर भरपूर लोणी लावून, आणि त्यावरही भलं होवो म्हणून मोकळा झाला. डिलियाने त्याला गुणाची गोष्ट सांगितली तेव्हा तो विचार करून म्हणाला की आपल्याला खोकला नाही, तेव्हा आपल्या बाबतीत काही बिघडण्यासारखं नाही. नोव्हेंबरात एका ओल्या दुपारी त्याने लग्नाचं विचारलं. विचारण्याआधी व्हॅनच्या चाकात हवा आहे का ते दोनदा जाऊन बघून आला.

डिलियाने लगेच हो म्हटलं नाही, पण चेहरा कुठे लपतो. रविवारपर्यंत गावभर झालं.

आणि मग गावाच्या लक्षात आलं की डिलिया हेराटी झाली तर पाव कुणाचा खायचा?

उघड कुणी बोललं नाही. उघड बोलायची इथली रीतच नाही. चर्चबाहेर एकीने डिलियाला विचारलं की हेराटी म्हणजे तिकडचे का, ज्यांच्यात डोळे तिरळे असतात. दुसरी म्हणाली, व्हॅनवाल्या माणसाचं काय खरं, आज इथे, उद्या तिथे. फादरचा असल्या गुणांवर विश्वास नव्हता आणि ते त्यांनी व्यासपीठावरून सांगितलंही होतं. पण त्यांच्या स्वयंपाकीणबाईने डिलियाला बाजूला घेऊन कळवलं की फादर म्हणतात, विधवेने घाई करू नये. फादर तसं म्हणाले होते की बाई, ते देव जाणे. डिलियाच्या मनात आलं, सहा वर्षं एकटीने चूल पेटवतेय, याला ही माणसं घाई म्हणतात. तिला संताप आला, पण तो तिने घरी नेऊन पिठावर काढला.

शेवटी गावाने तोडगा काढला. तोडग्याचं नाव पॅकी गिंटी.

पॅकी तिच्या सासऱ्याचा लांबचा भाऊबंद. सत्तरी ओलांडलेला, एकटा, आणि हयातीत लग्नाचा विचार एकदाच, तोही थंडीच्या दिवसांत केलेला. एका सकाळी तो धुतलेला सदरा घालून आला. केस पाण्याने चापून बसवलेले. शेकोटीजवळची खुर्ची त्याने धरली, कोंबड्या किती आहेत ते विचारलं, गाय दूध किती देते ते विचारलं, आणि मग बराच वेळ आगीकडे बघत बसला.

"पॅकीकाका, काही काम होतं का?" डिलियाने विचारलं.

"मला पाठवलंय, पोरी."

"कुणी?"

"सगळ्यांनी." तो जरा अडखळला. "म्हणाले, नाव तेवढं गिंटी राहायला पाहिजे. बाकी तुला माझा त्रास काही नाही. मी झोपतो लवकर."

हे दाखवण्यासाठीच की काय, चहा होईपर्यंत तो खुर्चीत झोपलाही. डिलियाने त्याच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकली. हसावं की चिडावं, तिला कळेना. जागा झाल्यावर तिने त्याला पोटभर खाऊ घातलं आणि प्रेमाने नाही सांगितलं. पॅकीच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती बघून तिला शेवटी हसूच आलं. जाताना तो म्हणाला, "मीही त्यांना तेच सांगत होतो."

हे सगळं तिने हसण्यावारी नेलं असतं. एक सबीना सोडून.

सबीना लवेल शेजारची. दोन घरांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत. डिलिया लग्न होऊन आली तेव्हा गावात तिची पहिली मैत्रीण झाली ती सबीना. तिला थोरला मायल्स होता, आणि मग खूप वर्षांनी, आता काही होणार नाही असं वाटत असताना, ऑस्टिन झाला. ऑस्टिन भिंतीवर चढून डिलियाच्या कोंबड्यांशी गप्पा मारायचा. तीन वर्षांचा असताना त्याला डांग्या खोकला झाला. खोकून खोकून निळा पडायचा, श्वास आत घेताना कोंबडा आरवावा तसा आवाज यायचा. पावसात डोक्यावर पोतं घेऊन सबीना दारात आली. नेहमी थेट चुलीपाशी येऊन बसणारी सबीना, पण त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. डिलियाने लोणी लावलेला पाव दिला. सबीनाने घेतला, आणि चारचौघांना म्हणायच्या सवयीने, मैत्रिणीने मैत्रिणीला म्हणावं तसं, म्हणून गेली, "भलं होवो तुझं, डिलिया."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पाऊस पडत होता. दुसरा पाव द्यावा का, दिला तर चालतो का, डिलियाला ठाऊक नव्हतं. तिने काहीच केलं नाही. सबीना पाव छातीशी धरून पळत सुटली.

ऑस्टिन त्याच महिन्यात गेला.

ती गोष्ट दोघींनी कुणाला सांगितली नाही, एकमेकींनाही नाही. सबीनाने मात्र त्यानंतर डिलियाच्या घरात पाऊल टाकलं नाही. बोलणं भिंतीवरून व्हायचं. हवा, बटाटे, कोण आजारी, कोण अमेरिकेला गेलं. आता मायल्सचं लग्न झालं होतं, त्याला उना नावाची दीड वर्षाची मुलगी होती. नात आजीच्या कडेवरून उतरायची नाही.

नाताळ होऊन गेल्यावर एका दुपारी डिलिया कपडे वाळत घालत होती. सबीना भिंतीशी आली. तिने हवेची चौकशी केली नाही.

"तू त्याला हो म्हणणार आहेस?"

"अजून ठरत नाहीये."

"तुझ्या हाताला गुण आहे, डिलिया."

"आहे की नाही, मला खरंच ठाऊक नाही," डिलिया म्हणाली. "खोकला तसाही महिना-दोन महिन्यांनी जातोच. पाव न खाल्लेल्या पोरांचाही जातो."

"सगळ्यांचा जातो?"

डिलियाने चादरीचा काठ पुन्हा पिळला. हातातली चादर गार लागत होती.

"गुण होता आणि तो मी घालवला," सबीना म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "माझ्या तोंडाने घालवला. हे मी रोज उठून सोसते. आता तू म्हणणार, असेना का गुण, नसेना का, एका व्हॅनवाल्यापायी सोडून देते. एवढं सोपं असतं, तर मी हे कशासाठी सोसलं? माझं पोर कशाने गेलं, सांग ना मला."

डिलिया आत आली आणि चादर तशीच मांडीवर घेऊन बसली. तिला सबीनाचा राग आला नाही. तिला कळलं की सबीनाला तो दोष हवा होता. दोष नसेल तर ऑस्टिन उगाच गेला असं व्हायचं, आणि उगाच गेलं हे कुठली आई मान्य करील. आपण हेराटी झालो तर सबीनाचं पोर दुसऱ्यांदा पुरल्यासारखं होईल. आणि गिंटी राहिलो तर? तर उरलेला जन्म दारात उभ्या राहणाऱ्या मुक्या माणसांना पाव द्यायचा आणि त्यांच्या पाठी बघायच्या.

गुरुवारी व्हॅन आली. डिलियाने अंडी दिली आणि घाईघाईने, नजर टोपलीवर ठेवून सांगितलं की या वर्षी नको, कदाचित कधीच नको, गावाला अडचण होते. सबीनाचं तिने सांगितलं नाही, ते सांगायचं नव्हतंच. मार्टिनने एकेक अंडं उजेडाकडे धरून पाहिलं. एरवीपेक्षा जास्त वेळ लावला. मग चहा-साखर तिच्या हातात ठेवली, टोपी काढली आणि म्हणाला, "भलं होवो तुमचं, बाई."

आणि व्हॅन चालू करून गेला.

डिलिया फाटकाशी उभी. नकार हातात घेऊनसुद्धा या माणसाने आपलं भलंच चिंतलं. शब्द तोच, आवाज जरा बसलेला. ती जी धावत सुटली ती विहिरीच्या वळणापर्यंत. तिथे गाईंनी रस्ता अडवला होता म्हणून व्हॅन सापडली, नाहीतर चाळिशीची बाई व्हॅनला कुठे गाठते? तिने खिडकीवर हात मारला. दम लागला होता, त्यामुळे फार शब्द वापरता आले नाहीत आणि ते बरंच झालं. गाई निघून गेल्या तरी व्हॅन तिथेच उभी होती, हे गावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलं.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास लागला की लग्नं होत नाहीत. म्हणून आदल्या मंगळवारी, फेब्रुवारीच्या धुक्यात, डिलिया गिंटीची डिलिया हेराटी झाली. लग्नाला पॅकी गिंटी सर्वांच्या आधी हजर होता आणि सर्वांत जास्त जेवला. बरेच लोक आले. सबीना आली नाही.

मार्टिन तिच्याच घरी राहायला आला. घरात माणसाचा आवाज आला, बुटांचा चिखल आला, रेडिओ आला. डिलिया सुखात होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट तिने धरली नव्हती. गावात खोकला आला आणि दारात कुणी आलं नाही. ती सवयीने जास्तीचा पाव भाजायची, तो संध्याकाळी कोंबड्यांना जायचा. रस्त्यावरून कुणी पोर काखेत घेऊन जाताना दिसलं की तिचे हात आपोआप पुसले जायचे, आणि ते माणूस तिच्या फाटकाकडे न बघता तिसऱ्या गावच्या कुणा म्हाताऱ्याकडे निघून जायचं, म्हणे त्याच्याकडे गाढवाच्या पोटाखालून पोर काढायचा उपाय होता. डिलियाला वाईट वाटायचं. आपल्यापेक्षा गाढव बरं, असं ती मार्टिनला म्हणाली तेव्हा तो हसला, आणि मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला.

मार्चमध्ये एका सकाळी भिंतीपलीकडून तो आवाज आला. आधी खोकल्याची लांबच लांब उबळ, आणि मग श्वास आत ओढताना कोंबड्यासारखी आरोळी. डिलियाने ताकाचं भांडं खाली ठेवलं. उनाचा आवाज होता.

डॉक्टर येऊन गेले. बाटली दिली, पोरीला उबेत ठेवा म्हणाले, वेळ लागेल म्हणाले. आठवडा गेला. डिलिया दिवसभर भिंतीकडे कान लावून असायची. आपण होऊन पाव देऊ करायचा नाही, ही जुनी पद्धत. आता ती पद्धत आपल्याला लागू आहे की नाही, हेही कळत नव्हतं.

मग एका दुपारी दारात सावली पडली. सबीना उंबऱ्याबाहेर उभी होती. पाऊस नव्हता, पण डोक्यावर शाल घट्ट ओढलेली. तोंड मिटलेलं.

डिलियाने हात पुसले. "सबीना, मी आता हेराटी आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

"दुसरं कुठे जाऊ?" सबीना म्हणाली.

डिलियाने पाव कापला. पोरगी वाचली तर वाचली. नाही वाचली तर गाव म्हणेल, डिलियाने नवऱ्यासाठी गुण विकला आणि लवेलांचं दुसरं पोर घालवलं. हे सगळं तिला सुरी फिरवताना दिसत होतं. तिने लोणी लावलं, अगदी कडेपर्यंत. उंबऱ्यापाशी येऊन पाव सबीनाच्या हातात दिला, आणि हात सोडला नाही.

"आता म्हण," ती म्हणाली.

सबीना पांढरी पडली. "काय?"

"जे त्या दिवशी म्हणालीस ते. हा गिंटीचा पाव नाही, सबीना. शेजारणीने दिलेला पाव आहे. शेजारणीला माणसं भलं होवो म्हणतात."

सबीनाचे ओठ हलले. मग तिने मान जोरजोरात हलवली, हात सोडवला आणि गेली, पाव छातीशी धरून, तशीच, त्या दिवशीसारखी पळत. डिलिया दाराला टेकून उभी राहिली. आपण मूर्खपणा केला, दुःखावर बोट ठेवलं, असं तिला वाटलं. त्या रात्रीचं जेवण मार्टिनला एकट्यालाच जेवावं लागलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. खोकला ऐकू आला की डिलिया घाबरायची आणि ऐकू आला नाही की जास्तच घाबरायची. ईस्टर आला, गेला. बटाटे लावून झाले. खोकला दिवसा कमी झाला, मग रात्रीही. मे महिन्यात एकदा ती कोंबड्यांना दाणे टाकत होती, तर भिंतीवर दोन छोटे हात दिसले आणि मागून उनाचं डोकं. पोरीने कोंबड्यांना काहीतरी सांगितलं, लांबलचक, स्वतःच्याच भाषेत. डिलियाने ओंजळीतले सगळे दाणे एकदम टाकून दिले.

दुसऱ्या दिवशी सबीना आली. उनाचं बोट धरून. उंबऱ्याशी थांबली आणि बुटांकडे बघत राहिली. मग उंबरा ओलांडून आत आली आणि चुलीजवळच्या खुर्चीत, तिच्या जुन्या खुर्चीत, बसली. डिलियाने काही न विचारता उनाला पावाचा तुकडा दिला. उना तो खाऊ लागली, निम्मा जमिनीवर सांडत.

"भलं होवो तुझं, डिलिया," सबीना म्हणाली.

दोघी उनाकडे बघत राहिल्या. उनाला काही झालं नाही. तिने आणखी मागितला.

"ही गुणाशिवायच बरी झाली. म्हणजे तेव्हाही," सबीना म्हणाली आणि थांबली. "तेव्हाही नुसता पावच होता? मी म्हटलं त्याने काही झालं नाही?"

डिलियाला खरं काय ते ठाऊक नव्हतं. तिला ती पहिली आई आठवली, टोपी चुरगाळणारे बाप आठवले, डोंगर ओलांडून आलेली माणसं आठवली; आणि पुढे वर्षा-दोन वर्षांनी चर्चच्या आवारात धावताना दिसलेली पोरं, ज्यांच्याकडे बघून ती मनात म्हणायची, हा माझा, ही माझी. स्वतःचं एकही नव्हतं, पण ही एवढी होती. सबीना तिच्या तोंडाकडे बघत होती.

"नुसता पावच होता," डिलिया म्हणाली. "कायमच."

ती सगळी पोरं तिने त्या एका वाक्यात देऊन टाकली. सबीनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ऑस्टिनसाठी रडली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नुसतं पोर गेलेल्या आईसारखी. डिलियाने तिला रडू दिलं. मग उठून तिने किटली चुलीवर ठेवली आणि उनासाठी आणखी एक तुकडा कापला.